दोन ‘अँटी’ निघाले, आता लेकरू होईल का?

प्रश्न : मॅडम, मी दारव्ह्याजवळच्या खेड्यातली, वय २४, लग्नाला दोन वर्षं झाली. पाळी दोन-दोन महिने येत नाही, सोनोग्राफीत पीसीओएस निघालं, म्हणजे अंडाशयात बारीक पिशव्या जास्त आणि पाळी लांबते तो त्रास. रक्ताच्या रिपोर्टमध्ये थायरॉईडचा टीएसएच २.८, पण अँटी-टीपीओ २१०, आणि अँटी-म्युलेरियन हार्मोन वाढलेलं. सासूबाई म्हणतात, अंगच अंगाच्या जीवावर उठलं, आता लेकरू होत नाही. मले रात्ररात्र झोप नाही. दोन अँटी म्हणजे दोन आजार का? केस गळतात म्हणून मेडिकलमधून बायोटिनच्या गोळ्या घेते, चालते ना?

उत्तर : बाई, आधी झोप घे. ते दोन ‘अँटी’ एका जातीचे नाहीतच, नावाने घोळ केला. अँटी-म्युलेरियन हार्मोन, म्हणजे एएमएच, हे अंडाशयातल्या बारीक बारीक पिशव्यांतून निघणारं साधं हार्मोन आहे, पीसीओएसमध्ये पिशव्या जास्त म्हणून तेही जास्त, त्यात कोणी कोणाच्या विरोधात नाही. अँटी-टीपीओ मात्र खरी अँटीबॉडी आहे, आपलीच प्रतिकारशक्ती गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीला परकी समजते तेव्हा ती तयार होते, अंडाशयाशी तिचं थेट भांडण नाही. पीसीओएस असलेल्यांमध्ये ती जास्त दिसते हे खरं, २००४ साली जर्मनीत पीसीओएसच्या १७५ जणी तपासल्या तेव्हा साधारण चौघींत एकीला थायरॉईडविरुद्धची ही किंवा हिच्यासारखी दुसरी अँटीबॉडी निघाली आणि पीसीओएस नसलेल्यांत बारा जणींत एकीला. म्हणजे तू काही एकटी नाहीस गं.

पण अँटीबॉडी आहे म्हणजे थायरॉईड बिघडलाच असं नाही. कित्येकींचा वर्षानुवर्षं नीट चालतो, काहींचा हळूहळू मंदावतो, आणि मंदावला की टीएसएचचा आकडा वाढतो, म्हणून लक्ष टीएसएचवर ठेवायचं, अँटी-टीपीओ परत परत काढून पैसे घालू नको, २१० चं १८० झालं तरी उपचार काही बदलत नाही.

आता तुझा २.८ चांगला दिसतो, पण मला त्यावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही, कारण ते बायोटिन! केसांच्या गोळीत ते बरेचदा १० मिलिग्रॅम असतं आणि काही लॅबच्या मशीन त्याने फसतात, टीएसएच खरा असतो त्यापेक्षा कमी दाखवतात, अँटी-टीपीओचा आकडाही चुकू शकतो. गोळी बंद कर, दोन-तीन दिवस जाऊ दे आणि मग टीएसएच परत कर, लॅबवाल्याला गोळीचं सांग. केस गळणं पीसीओएसमुळेही असतं, रक्त कमी असलं तरी असतं, म्हणून हिमोग्लोबिनही बघून घे, आमच्याकडे कापूस वेचणीला जाणाऱ्या बायकांत ते नेहमीच कमी निघतं.

टीएसएच नॉर्मल असताना नुसत्या अँटीबॉडीसाठी थायरॉईडची गोळी घेऊन मूल राहण्यात फायदा होतो का, हे ब्रिटनमध्ये ९५२ बायकांवर तपासलं, २०१९ ला निकाल आला, फायदा दिसला नाही. शेजारणीची गोळी सुरू आहे म्हणून तू सुरू करू नकोस.

लेकरासाठी अडचण आहे ती वेळेवर अंडं न फुटण्याची, आणि त्यावर औषधं आहेत, चांगली लागू पडतात, स्त्रीरोगतज्ज्ञांना भेट, नवऱ्यालाही सोबत ने, त्याचीही तपासणी लागते. तुझी पाळी तशीही लांबते म्हणून दिवस गेले तरी कळायला उशीर होईल, तेव्हा महिना-सव्वा महिना उलटला की घरीच लघवीची टेस्ट कर, पॉझिटिव्ह आली तर त्याच आठवड्यात टीएसएच, कारण पहिल्या तीन महिन्यांत बाळ आईच्याच थायरॉईडवर असतं. आणि हा अंक सासूबाईंनाही वाचून दाखव.