बर्फातलं चामडं उन्हात वाळवू नये

प्रश्न : नॉर्वेत बर्फ वितळून सतराशे वर्षांपूर्वीचा लोकरी अंगरखा निघाला. आमच्या कपाटात पैठणीला दोन पावसाळ्यांत बुरशी लागते, मग तो टिकला कसा? आणि हिमालयात ट्रेकला असं काही दिसलं, तर उचलून आणावं का? – एक वाचक, दादर

उत्तर : तो अंगरखा लेंडब्रीन या डोंगरी ठिकाणचा, २०११ साली मिळालेला. बुरशीला ऊब, ओल आणि हवा लागते. मुंबईच्या कपाटात जुलैमध्ये तिन्ही फुकट. बर्फातलं पाणी गोठलेलं, म्हणून तिथे बुरशीची उपासमार. मात्र हिमनदीच्या वाहत्या बर्फावर भिस्त ठेवू नये, तो पोटातली वस्तू भरडतो. कपडे, बाण धड मिळतात ते बहुधा जागच्या जागी साचलेल्या बर्फात.

खरं नुकसान वितळल्यावर सुरू होतं. ओलं चामडं उन्हात टाकलं, की पाणी उडताना तंतू एकमेकांकडे ओढले जातात. चामडं आक्रसून पुठ्ठ्यासारखं कडक होतं आणि पुन्हा भिजवून पूर्ववत होत नाही. लाकूड तडकतं. म्हणून जाणकार वस्तू ओली आणि थंड ठेवूनच प्रयोगशाळेत नेतात, चिखल हळूच धुतात, चामड्यात-लाकडात गरजेप्रमाणे पॉलिइथिलीन ग्लायकॉल हे मेणासारखं रसायन मुरवतात, मग गोठवून निर्वातात सुकवतात. तिथे बर्फाची थेट वाफ होते. मध्ये पाणीच नाही, त्यामुळे ओढही नाही. पण हे ग्लायकॉल खनिज तेलापासून बनतं, त्यात कार्बन-१४, म्हणजे ज्यावरून जुन्या वस्तूचं वय मोजतात तो किरणोत्सारी कार्बन, नसतो. कालमापनाचा नमुना त्याआधी काढला नाही, तर वस्तू आहे त्याहून जुनी ठरू शकते. काही मिलिग्रॅम पुरतात, एवढीच त्यात सोय. आल्प्सच्या बर्फात सापडलेला ५,३०० वर्षांपूर्वीचा माणूस, ओत्झी, आजही इटलीतल्या बोल्झानोच्या संग्रहालयात उणे ६ अंशांवर, जवळपास ९९ टक्के आर्द्रतेत ठेवलाय, तोही सुकू नये म्हणूनच.

तेव्हा उचलू नका. शेजारी पेन ठेवून जवळून एक फोटो, मागची डोंगरधार दिसेल असा लांबून एक, आणि जीपीएसची नोंद. उतरल्यावर जिल्हाधिकारी किंवा पुरातत्त्व विभागाला कळवा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकते. उत्तराखंडातल्या रूपकुंड या सांगाड्यांच्या तळ्यावरून हौशी मंडळींनी हाडं आठवण म्हणून नेली. कुठलं हाड कुठे पडलं होतं, हे आता कोण सांगणार?

पैठणीचं मात्र सगळं उलट, तिला कोरडंच ठेवायचं. प्लास्टिकमधून काढून धुतलेल्या मलमलीत गुंडाळा, दोन-तीन महिन्यांनी घडी बदला. बुरशी दिसली तर ओल्या फडक्याने पुसू नका. सावलीत वाळवून, घराबाहेर मऊ ब्रशने झाडा.