खोलीआधी कागद

पोरा,

तुझा मेसेज रात्री वाचला. स्वारगेटला उतरून आठ दिवस झाले, मित्राच्या खोलीत चौथा म्हणून झोपतोयस आणि मालकाची कुरकुर सुरू झालीय. सांगायला तुला लाज वाटली हे ओळखलं. लाजू नकोस. मीही असाच आलो होतो.

सदाशिव पेठेतल्या त्या कॉट बेसिसला, म्हणजे एका खाटेपुरत्या जागेला, आज पैसे भरू नकोस. आधी घरी फोन लाव. उत्पन्नाचा दाखला आपल्या तहसीलमधूनच येणार आणि तो नसला की बहुतेक टेबलांवरून 'नंतर या' एवढंच ऐकू येतं. वडिलांना उद्याच सेतूत पाठव. जातीचा दाखला, मार्कशीट, आधार, सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स काढ.

मग विश्रांतवाडीच्या सामाजिक न्याय भवनात जा. सरकारी वसतिगृहाचा अर्ज आधी भरायचा. तिथे जागा मिळाली नाही, तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार योजना आहे. पुण्यात शिकणाऱ्याला वर्षाला ६०,००० रुपये: जेवणाला ३२,०००, राहायला २०,०००, बाकी निर्वाहाला. टक्केवारीची अट नीट वाच. पैसे उशिरा येतात, त्यांच्या भरवशावर भाडं कबूल करू नकोस. विद्यार्थी सहाय्यक समितीकडेही चौकशी कर. खेड्यातल्या गरजू मुलांची सोय ते १९५५ पासून करतायत.

आईला सांग, अन्नसुरक्षेच्या रेशन कार्डावरचा तुझ्या वाट्याचा शिधा इथल्या दुकानातही अंगठा लावून घेता येतो.

आता खोली. २००३ मध्ये मी कोथरूडला एका मालकाला डिपॉझिट दिलं, करार साध्या कागदावर. सोडताना त्याने रंगाचे पैसे म्हणून सगळं गिळलं. मी गप्प बसलो, कारण माझ्याकडे नोंदलेला कागद नाही म्हणजे चूक माझीच, असं मी समजत होतो. उलटं होतं! महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५: लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे राहायला जागा देण्याचा करार, लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाची. त्याने नोंदवलं नाही, तर अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरतात, मालकाने खोटं ठरवेपर्यंत. हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर माझे दोन पगार वाचले असते. म्हणून अकरा महिन्यांचा करार नोंदवूनच घे, डिपॉझिट रोख दिलंस तर पावती माग, आणि पहिल्या दिवशी भिंतींचे फोटो काढ. एजंट 'नोंदणीची गरज नाही' म्हणाला, तर दुसरी खोली बघ.

तरी भांडण झालंच, तर शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. अनुसूचित जातीचे म्हणून आपल्याला तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्न विचारत नाहीत. फोन १५१००.

कुठल्या टेबलावर कोण भेटलं, काय म्हणालं, तारखेसकट वहीत लिहीत जा. पुढच्या खेपेला 'असं कोण म्हणालं?' हा प्रश्न येतोच.

रविवारी फाइल घेऊन घरी ये. काकू भाकरी करणार आहे. अर्ज जेवल्यावर भरू.

तुझा,
काका