रिबाचे सुवर्णपदक आणि स्टर्लिंग पुरस्कार

प्रश्न : ब्रिटनच्या ‘रिबा’ या वास्तुविशारदांच्या संस्थेचे सुवर्णपदक आणि स्टर्लिंग पुरस्कार यांत फरक काय? आणि सभासद झाल्याशिवाय तिथे आर्किटेक्ट म्हणवता येत नाही का?

उत्तर : पदक माणसाला, स्टर्लिंग इमारतीला. रॉयल गोल्ड मेडल १८४८पासून आयुष्यभराच्या कामासाठी, राजघराण्याच्या संमतीने देतात. चार्ल्स कोरिया (१९८४) आणि बाळकृष्ण दोशी (२०२२) हे त्याचे मानकरी.

स्टर्लिंग १९९६पासून आहे. त्यासाठी थेट अर्ज नसतो, आणि गफलत होते ती इथेच. इमारत आधी प्रादेशिक पुरस्काराला पाठवायची. त्यातल्या निवडक इमारतींना राष्ट्रीय पुरस्कार आणि त्यांतूनच स्टर्लिंगची, बहुधा सहा नावांची, अंतिम यादी. परीक्षक इमारत प्रत्यक्ष पाहतात, त्यामुळे नुसत्या देखण्या फोटोंवर निभावत नाही.

दुसरे म्हणजे, सभासदत्व ऐच्छिक आहे. १९९७च्या कायद्यानुसार ‘आर्किटेक्ट’ हे बिरुद व्यवसायात लावायला एआरबी या वेगळ्या मंडळाकडे नोंदणी लागते. केवळ रिबाची वर्गणी भरून पाटी लावणे बेकायदा ठरते.