पाठवलेला मेल रात्री उठून वाचतो

प्रश्न: ताई, दहा पानी रिपोर्ट बाकीचे दोन दिवसांत उरकतात, मला आठवडा लागतो कारण एकेक वाक्य, फॉन्ट, समास परत परत बघत बसतो, आणि पाठवून झाल्यावरही रात्री उठून तोच मेल उघडून चूक शोधतो. साहेब म्हणतात काम चांगलंय पण उशीर होतो. बायको म्हणते हे वेड आहे. पण ही सवय सोडली तर दर्जा घसरेल ना? — एक वाचक

उत्तर: दिवसा समास बघता ते ठीकच, थोडं जास्त आहे एवढंच. (मीही हा कॉलम चारदा वाचून पाठवते.) पण रात्री उठून मेल वाचता तिथे मी अडले. गेलेल्या मेलमध्ये तर काही दुरुस्त करता येत नाही, मग हे रिपोर्टसाठी चाललंय कुठे, हे भीतीसाठी चाललंय. ह्युइट आणि फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ साली परफेक्शनिझमचे, म्हणजे सगळं बिनचूकच हवं या हट्टाचे, तीन प्रकार मांडले: स्वतःकडून अपेक्षा, दुसऱ्यांकडून अपेक्षा, आणि तिसरा म्हणजे लोकांना माझ्यात चूक खपणारच नाही असं वाटणं. सगळ्यात जास्त त्रास हा तिसरा देतो. तुमचे साहेब तर काम चांगलं म्हणतायत, मग ही परीक्षा घेतंय कोण?

आता दर्जाचं. विमानात चूक चालत नाही, बरोबर? १९३५ साली बोईंगचं नवं बॉम्बर चाचणीच्या वेळी उड्डाण होताच कोसळलं, पायलट अनुभवी होते, फक्त विमान जमिनीवर उभं असताना लावतात ते कंट्रोलचं लॉक काढायचं राहून गेलं. त्यानंतर पायलटनी आणखी परफेक्ट व्हावं असं कुणी ठरवलं नाही, माणूस विसरणारच असं धरून चेकलिस्ट केली, आणि ती अजून चालते.

तुम्हीही तेच करा. जिथे चुकलं तर दुसऱ्याचं नुकसान होईल तेवढंच लिहून काढा: आकडे, बेरजा, नावं, तारखा, अटॅचमेंट. हे एकदा नीट तपासायचं, टिक करायचं आणि पाठवायचं. फॉन्ट यादीत नको. सुरुवातीला हात शिवशिवेल, बेचैन वाटेल, तरी मेल उघडू नका, ती बेचैनी आपली आपण ओसरते. महिनाभर करूनही झोप मोडत राहिली तर सरळ समुपदेशकाकडे जा, त्यात लाजायचं काही नाही.

आणि हो, पुढच्या रिपोर्टचे समास मुद्दाम न बघता पाठवा. साहेबांच्या लक्षात आलं तर मला कळवा.