मोडी शिकायची तर आधी हाताने लिहा

आपण मोडी ही मराठीची जुनी, भरभर लिहिण्याची लिपी शिकायला घेतलीत, याचा आनंद वाटला. २०१४ साली मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाल्यामुळे ती आता टंकताही येते. तरीही सुरुवातीचे काही महिने कळफलकाकडे वळू नये, असे मी सुचवेन. आधी आडवी ओळ आखून घ्यायची आणि मग हात शक्यतो न उचलता अक्षरे तिला जोडत जायची, ही मोडीची रीत असल्यामुळे जुन्या पत्रातले एखादे अक्षर असे का वळले, हे स्वतः भरभर लिहून पाहिल्याशिवाय उमगत नाही.

नवशिक्यांच्या दोन चुका मात्र टाळा:

- प्रत्येक अक्षर देवनागरीसारखे सुटे काढणे. बाराखडी बसली की लगेच शब्द, मग पूर्ण ओळी गिरवा.
- ऱ्हस्व-दीर्घ आणि शब्दांमधली मोकळी जागा शोधत बसणे. जुन्या मोडीत दोन्ही सहसा पाळलेली नसतात.

बोरूची (जुन्या काडीच्या लेखणीची) खटपट आताच नको, शाईचे साधे पेन पुरते. बॉलपेनवर जोर द्यावा लागतो आणि हात लवकर दमतो. शिवकालीन व पेशवेकालीन वळणांतला फरक आणि लघुरूपे यांचा विचार पुढे करू. तूर्त रोज एक पान लिहा आणि आठवड्याने तेच पान स्वतः वाचून पाहा.