पावसाचा भरवसा नाही, मग कुरणावर गाई किती?

प्रश्न: गेल्या वर्षी कुरणावर ३० गाई आरामात चरल्या. यंदा पावसाचं काहीच कळत नाहीये, तेवढ्याच ठेवू का कमी करू?

उत्तर: दादा, गेलं वर्ष चांगलं होतं म्हणून तोच आकडा धरून बसू नका, सगळे इथेच फसतात. आधी गवत मोजा. साधारण ४०० किलोची गाय दिवसाला वजनाच्या अडीच टक्के, म्हणजे १० किलो सुका चारा खाते, तर ६ महिन्यांत झाले १८०० किलो. आता हेक्टरी समजा २००० किलो सुकं गवत येतंय, तर त्यातलं निम्मं सोडायचंच, कारण निम्म्याच्या वर पाला खाल्ला गेला की मुळं वाढायची थांबतात आणि मग पाऊस पडला तरी गवत पटकन उठत नाही. राहिले १००० किलो, म्हणजे एका गाईला जवळजवळ २ हेक्टर लागतात, आणि तुडवलेलं, शेणाने खराब झालेलं यात धरलेलंच नाही.

माझं मत विचाराल तर कायमच्या गाई कमी पावसाच्या वर्षाला पुरतील एवढ्याच ठेवा, वर जागा उरली तर कालवडी-गोऱ्हे घ्या, ते विकायला सोपे पडतात. आणि एक तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहून टाका, त्या दिवशी गवत घोट्याच्याही खाली असेल तर भाकड गाई आधी काढायच्या. "अजून आठवडाभर बघू" करत बसलात की सगळेच एकदम विकायला निघतात, भाव पडतो, आणि तोवर तुमची जनावरंही हडकलेली असतात.