ताई, मावशींना काय काय शिकवून ठेवू?

प्रश्न : ताई, आम्ही डोंबिवलीला राहतो. दोघांचीही नोकरी मुंबईत. सकाळी आठला घर सोडतो, ते यायला साडेसात होतात. मुलगी दुसरीत आहे, मुलगा दोन वर्षांचा. त्यांना सांभाळायला मावशी आहेत, पन्नाशीच्या, फार मायाळू. अक्षरओळख मात्र बेताची. गेल्या महिन्यात त्या पायपुसणं झटकायला दाराबाहेर गेल्या आणि वाऱ्याने लॅचचं दार लागलं. आत दोन्ही मुलं आणि गॅसवर दूध. लेकीने खुर्ची ओढून लॅच उघडलं म्हणून निभावलं. मावशींनी मला हे सांगितलंच नाही, लेकीकडून आठ दिवसांनी कळलं. मी खूप चिडले. आता फ्रिजवर नंबरांचा कागद लावलाय. अजून काय करू?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : कागद राहू दे, पण आधी त्या आठ दिवसांचं बघ. मावशींनी लपवलं, कारण तू चिडशील हे त्यांना ठाऊक होतं. आणि तू चिडलीसच!

लहान मुलांच्या वॉर्डात मी 31 वर्षं नर्स होते. एकदा एक बाई चहा सांडून भाजलेलं पोर घेऊन आली. भाजून तास उलटून गेला होता. इतका वेळ काय करत होतीस, विचारलं, तर म्हणाली, "मॅडमना फोन लावत होते. अकरा वेळा लावला." मॅडम मीटिंगमध्ये. विचारल्याशिवाय पोराला उचलून रिक्षात बसायची तिची छाती झाली नाही, आणि पैसेही नव्हते. वर हातावर टूथपेस्ट थापलेली. ती काढताना ते लेकरू जे किंचाळलं, ते अजून कानात आहे.

म्हणून मावशींना समोर बसवून स्वच्छ सांग : आधी मदत, मग मला फोन. तुझा फोन लोकलच्या गर्दीत पर्समध्ये वाजत राहणार, त्यावर काही अडून राहता कामा नये. डब्यात पाचशे-सातशे रुपये सुटे ठेव आणि त्यांचा हिशेब मागू नकोस. जवळचं मुलांचं हॉस्पिटल एकदा त्यांना रिक्षाने नेऊन दाखव. शेजारच्या काकूंकडे घराची एक किल्ली ठेव आणि दुसरी दोरीत ओवून मावशींच्या गळ्यात. दूध गॅसवर असताना उंबऱ्याबाहेर पाऊल नाही, हे त्यांना आता वेगळं सांगायला नको.

तुझ्या कागदावर नंबर किती आहेत? घाबरलेल्या माणसाला दोनच पुरे : 112 आणि रुग्णवाहिकेसाठी 108. मोठ्या आकड्यांत लिही, शेजारी चित्र काढ. त्यापेक्षा पत्ता महत्त्वाचा. पलीकडचा माणूस पहिल्यांदा तोच विचारतो आणि तिथेच सगळे अडखळतात. तुमची मावशी बिल्डिंगला "पिंपळासमोरची" म्हणत असेल, पाटीवर भलतंच नाव असेल, आणि डोंबिवलीत पूर्व की पश्चिम हे सांगितलं नाही तर गाडी फाटकाच्या पलीकडे जाऊन उभी राहायची. लेकीला पत्ता टाळ्यांच्या तालावर पाठ करून घे, मावशींनाही तिच्याकडूनच शिकू दे. तिला मजा येईल.

येत्या रविवारी हातांनी करून घ्यायच्या गोष्टी. सिलिंडरचा रेग्युलेटर मावशींना डोळे मिटून बंद करता आला पाहिजे. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण लावायचं नाही आणि चालू असेल तर बंदही करायचं नाही, ठिणगी दोन्ही वेळा पडते. पंखा लावून वास घालवायचा नाही. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो आणि तुझा धाकटा तिथेच रांगत-खेळत असतो. तेव्हा रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या सताड, मुलांना घेऊन खाली. गॅसगळतीचा 1906 नंबर आहे, पण तो खाली पोचल्यावर लावायचा.

भाजलं तर वाहतं गार पाणी, 20 मिनिटं. मावशींना मिनिटं सांगू नकोस, मोठा काटा चार घरं पुढे जाईपर्यंत म्हण. नळ गेला असेल तर पिंपातलं पाणी तांब्याने ओतत राहायचं. बर्फ नाही, हळद नाही, चिकटलेला कपडा ओढायचा नाही.

घशात अडकणं हे सगळ्यांत वाईट, कारण तिथे वेळच नसतो. मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्यायचं. आवाजच फुटत नसेल तर मांडीवर पालथं, डोकं खाली, आणि दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेने पाच दणके. नाही निघालं तर पाठीमागून कवेत घेऊन बेंबीच्या वर मूठ ठेवायची आणि पाच वेळा आत-वर दाबायचं. मग पुन्हा दणके. काकूंनी तोवर 108 लावून फोन स्पीकरवर ठेवायचा. (वर्षाच्या आतल्या बाळाचं पोट दाबत नाहीत, हे भाच्या-पुतण्यांसाठी लक्षात ठेव.) दिसत नसताना तोंडात बोट घालायचं नाही, वस्तू आणखी खाली जाते. सराव लोडावर कर, पोरावर नको, आणि जमलं तर बालरोगतज्ज्ञांकडून एकदा प्रत्यक्ष बघून घे. अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे धाकट्याच्या हाती लागणार नाहीत असे ठेव. रिमोटमधला चपटा गोल सेल गिळला अशी नुसती शंका आली तरी वाट न पाहता हॉस्पिटल. दोन तासांतही अन्ननलिका भाजते.

लेकीने खुर्ची ओढली म्हणून तिचं कौतुक कर, पण भावाला वाचवायची जबाबदारी सात वर्षांच्या पोरीवर टाकू नकोस. तिची कामं तीनच : दार उघडणं, काकूंना हाक मारणं, पत्ता सांगणं. भावाला उचलायला गेली तर दोघंही पडतील.

आणि रविवारच्या सरावाला नवऱ्यालाही बसव. रेग्युलेटर कुठल्या बाजूला फिरतो, हे त्याला तरी ठाऊक आहे का?